एझ्रा सर, दहावा सापडला नाही

एझ्रा सर, तुम्हाला मातीत ठेवायची एवढी काय घाई होती?

नाओमीचा फोन आला तेव्हा मी चांदूर बाजारजवळच्या एका बगीच्यात उभा होतो, संत्र्याच्या भावावरून मालकाशी तंडत. "काका, बाबा पहाटे गेले. दुपारी नेतोय," एवढंच तुमची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "थांबा, मी निघून राहिलो." ती म्हणाली, "आमच्यात थांबत नाहीत, काका." सौदा तसाच टाकून बडनेऱ्याला गाडी धरली. ठाण्याच्या कबरस्तानात पोचलो तोवर दुसरा दिवस उजाडला होता. माती सारखी करून झाली होती आणि तिच्यावर कोणीकोणी बारके खडे ठेवलेले होते. आमच्यात फुलं वाहतात. मी हार घेऊन गेलो होतो, तो पिशवीतच राहिला. खडा कुठून उचलायचा, माझ्यासारख्याने उचलायचा की नाही, हे ज्याला विचारायचं तोच माणूस खाली निजला होता.

तुमच्या घरी माणसं जमिनीवर बसली होती. आरशावर चादर टाकलेली होती. तुमच्या एका नातेवाइकाने हळूच विचारलं, "आपण कोण?" मित्र म्हणावं, तर वर्षभर आपण कामापुरतं बोलत होतो. शेवटी म्हटलं, "मी संत्रेवाला."

"अच्छा, ते मेळघाटवाले गुणवंतराव! एझ्रा फार बोलायचा तुमच्याबद्दल."

"काय बोलायचे?"

"फार भांडखोर आहे म्हणायचा."

बरं वाटलं, सर. खोटं कशाला सांगू. निदान तेवढं तरी तुम्ही माझ्या नावावर ठेवून गेलात.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या गोदामात आलात तो दिवस मला आठवतो. ठाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा बारीक माणूस, डोक्यावर कापडी टोपी, पायात मुलांसारखे बूट. म्हणालात, नाताळच्या सुटीत कॉलेजची मुलं घेऊन आलोय. बहुतेक ठाण्या-मुंबईची, दोन पुण्याची, दोन अमेरिकेतून आलेली. सगळी ज्यू. सेमाडोहच्या अलीकडे कोरकूंच्या एका गावात नाल्यावर पोत्यांचा बंधारा घालायचाय. रिकामी पोती हवीत, खायला फळं हवीत आणि सामान न्यायला पिकअप हवी.

मी विचारलं, "तुमी ज्यू, अन् सुटी नाताळची?"

"सुटी कोणाची का असेना, गुणवंतराव. मुलं मोकळी असतात. मोकळ्या मुलांना काम लावावं."

"मंग गोवा काय वाईट होता?"

"गोव्यात पाणी अडवायला आपली गरज नाही."

मग मी भाव सांगितला आणि तुम्ही लगेच "बरं" म्हणालात. माझी सकाळ खराब केलीत तुम्ही. बडनेऱ्याच्या फलाटावर टोपलीतून संत्री विकत मी मोठा झालो. माझ्या बापाने माझ्यासाठी काही ठेवलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. घासाघीस न करणारा माणूस मला एकतर मूर्ख वाटतो नाहीतर लबाड.

"सर, असा सौदा होते का? मी वाढवून सांगतलं, तुमी पाडून मागा."

"तुम्ही वाढवून का सांगितलं?"

"तुमी पाडून मागान म्हणून!"

"मग आता तुम्हीच पाडा."

आणि मी माझ्याच तोंडाने माझा भाव पाडला. एवढं कोणी मला लुबाडलेलं नाही, सर. तेही एक शब्द न वाढवता. संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

पहिल्याच वर्षी तुमच्या पोरांनी काय करून ठेवलं होतं, आठवतं? पोती भरून अर्धा नाला अडवला आणि शुक्रवारी दिवेलागणीला सगळ्यांनी फावडी खाली ठेवली. मी म्हटलं, एवढी ओळ तरी पुरी करा. तुम्ही म्हणालात, "शब्बाथ लागतोय. आता उद्या संध्याकाळपर्यंत काम नाही." दोन मेणबत्त्या लावल्या, शाळेच्या पडवीत बसून गाणी म्हटली. इकडे पाण्याने अर्ध्या बंधाऱ्याच्या कडेने वाट काढली आणि काठच खरवडून नेला. रविवारी सकाळी गावातली फुलवंती नाल्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने तुम्हाला ऐकवलं, "ए सर, पानी को छुट्टी नहीं रहती."

तुम्ही इतके हसलात की टोपी पडली. पुढच्या वर्षापासून कामाचा नारळ रविवारी फोडायचा आणि गुरुवारी शेवटचं पोतं ठेवायचं असं ठरलं. शनिवारी तुम्ही मला तुमच्या पूर्वजांच्या गोष्टी सांगायचात. कोकणात घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली नाव पाडलं. मी म्हणालो, "म्हणजे तुमी असल धंदेवाले! मंग भाव काहून करत नाही?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही करता ना दोघांचा."

एवढं चांगलं चाललं होतं, सर.

तुमच्या वडिलांची तिथी तुमच्या पंचांगाप्रमाणे मागेपुढे होत बहुतेक वर्षी याच सुटीत यायची. त्या दिवशी तुम्ही बंधाऱ्यावर उभं राहून कद्दिश म्हणायचात. गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात त्याचं नावही नाही, मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात आणि ते तुमच्यातलेच लागतात. मुलींना धरत नाहीत. त्यावरून तुमचं आणि नाओमीचं घरी वेगळं चालू होतं, ते मला ठाऊक आहे. मुलं गोळा झाली की तुम्ही माझ्याकडे वळायचात. "गुणवंतराव, तुम्ही जरा तिथे थांबा," म्हणायचात आणि संत्र्याच्या कॅरेटांकडे बोट दाखवायचात. मी थांबायचो. प्रार्थना झाली की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर माझी संत्री आणि आणखी फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे तुमच्या एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन सगळ्यांना वाटे लावायचे. त्या वेळी तुम्ही मला हाक मारायचात. मलिद्याला मी, पिकअपचा ड्रायव्हर, फुलवंती, तिची नातवंडं, सगळे मोजले जायचो.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका मुलाला ताप भरला. मीच त्याला परतवाड्याच्या दवाखान्यात नेलं आणि पुण्याहून आलेल्या त्याच्या मावशीच्या हवाली केलं. तिथीच्या दिवशी तुम्ही पकडून नऊच उरले. तुम्ही बोटांनी दोनदा मोजलंत. मला ते पाहवलं नाही. मी कॅरेटांजवळून पुढे आलो.

"नऊ अन् एक दहा. मी हाय ना."

"तुम्हाला नाही मोजता येत, गुणवंतराव."

"काहून? माणूस नाही मी?"

"तसं नाही. आमची रीत आहे."

"तुमच्या पोरायले दरसाल मी आणतो, खाऊ घालतो, ताप आला तं दवाखान्यात नेतो. मलिद्याले मले मोजता, अन् तुमच्या बापाच्या नावानं उभं राहाचं तं मी गिनतीत नाही?"

मुलं खाली बघायला लागली. तुमचा आवाज चढला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "माझ्या शेजारी उभे राहा," म्हणालात, "आवडेल मला. मोजता मात्र येणार नाही."

"मंग शेजारी उभं राहून काय करू? शोभेले?"

"सांगेन तुम्हाला. हे उभ्याउभ्या सांगायचं नाही."

आणि तुम्ही कद्दिश म्हटलीच नाहीत. बंधाऱ्याच्या टोकाला जो चपटा दगड आहे, त्यावर पाठ करून बसून राहिलात. बापाची प्रार्थना बुडाली तरी चालेल, पण गुणवंत संत्रेवाल्याला मोजायचं नाही. हे माझ्या डोक्यात अजूनही शिरत नाही, सर. एखादा माणूस सौदा मोडतो तेव्हा त्याला कुठेतरी जास्त मिळत असतं. तुम्हाला काय मिळालं?

परतताना बडनेऱ्यापर्यंत मी बोललो नाही. गाडी लागली, मुलं चढली, तुम्ही दारातून मागे वळलात. "पुढच्या डिसेंबरात बसू आपण. सगळं सांगतो."

"सांगाच," मी म्हटलं. "मी सोडणार नाही."

"तुम्ही काही सोडता का कधी," असं म्हणून हसलात. समोरासमोर हेच तुमचं मला शेवटचं.

वर्षभर मी त्या बैठकीची तयारी करत होतो. धंद्याला जाताना करतो तशी. तुम्ही रीत म्हणाल, तर मी म्हणणार होतो की रीत माणसांनीच केली. तुम्ही पोथी म्हणालात, पूर्वज म्हणालात, तर मी तुम्हाला ताप आलेल्या त्या पोराची आठवण करून देणार होतो. तुम्ही एखादं असं काही सांगाल की माझं तोंड बंद होईल, याचीही तयारी होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तुम्ही मला माझ्याच तोंडाने भाव पाडायला लावला होता. तसंच काहीतरी बोलून तुम्ही मला गप्प कराल आणि मग आपण चहा पिऊ, असं मी धरून चाललो होतो.

तुम्ही दिवाळी संपता संपता निघून गेलात. झोपेत. भांडण उभं ठेवून.

आता पुढचं ऐका.

नाओमी म्हणाली, मुलांनी तिकिटं काढलीत, सुटी मोकळी ठेवलीय, मी घेऊन येते. "बाबांसाठी तिथेच कद्दिश म्हणायची आहे, काका. बाबांच्याच पद्धतीने. मुलगे दहा आहेत. बेंजामिन म्हणेल." बेंजामिन म्हणजे तुमचा पुतण्या, तो हडकुळा, तुमच्यासारखाच टोपी सांभाळत चालणारा. निघायच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन. एका मुलाची परीक्षा पुढे ढकलून सुटीतच आली.

"नऊ झाले, काका."

तिचा आवाज असा आला की मी विचार न करता बोलून गेलो. "दहावा मी आणतो."

"कुठून?"

"थे माह्यावर सोड."

मी काय काय मिळवून दिलंय लोकांना, सर. भर उन्हाळ्यात संत्री दिली आहेत, संपाच्या दिवसांत ट्रक दिले आहेत. एक माणूस मिळणार नाही? मूर्तिजापूरला एक म्हातारा हमाल म्हणाला होता की नॅरोगेजची शकुंतला चालायची तेव्हा त्या गाडीवर तुमच्यातला एक ड्रायव्हर होता, इथेच राहायचा. गेलो. घर सापडलं, माणूस नाही. शेजारची आजी दाराशी तूर निवडत होती.

"ते? मोठा चांगला माणूस. शनवारी चूल नाही पेटवायचे. आमच्या घरून चहा जाये. बाई मेली अन् मंग पोरानं इस्राईलले नेलं त्यायले. तुमाले काय काम होतं?"

"एक माणूस पाहिजे होता, आजी."

"कशाले?"

"उभा कराले."

"निवडणूक लागली काय?"

अकोल्यात ज्याला त्याला विचारलं. एकाने चर्चमध्ये पाठवलं. तिथल्या फादरनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही नंतरचे, हो. ते आधीचे. पण मी येऊन चालत असेल तर येतो." मी म्हटलं, "तुमी अन् मी एकाच रांगेत हाव, फादर. बाहेरच्या." ते हसले. मला हसू आलं नाही.

फळबाजारात माझा जुना दलाल भेटला. म्हणाला, "गुणवंतभाऊ, एवढं काय घेऊन बसले? एक पोट्टा देतो, टोपी घालून उभा करा. कोणाले समजते?"

खरंच कोणाला समजलं नसतं. बेंजामिनला नाही, नाओमीलाही कदाचित नाही. मी त्या दलालावर असा ओरडलो की हमालांनी कॅरेट खाली ठेवून पाहिलं. वरच्या थराला मोठं फळ लावून खाली बारीक भरणारे मी जन्मभर पाहिलेत. तुमच्या नावाने तो माल मी लावू? मला मोजायला तुम्ही नाही म्हणालात, सर. त्याच नाहीसाठी मी अकोल्याच्या भर बाजारात भांडत होतो. मग ओसरीवर बसून पाणी प्यालो आणि मला कळेना की मी नक्की कोणाच्या बाजूने भांडतोय.

दहावा सापडला नाही.

मुलं आली. तुमच्याशिवाय रविवारी काम सुरू झालं. फुलवंतीने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर नहीं आया?" मुलांपैकी कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने डोक्यावरचं घमेलं उतरवलं, तिथेच पाण्याकडे तोंड करून उकिडवी बसली, नंतर उठली आणि पुन्हा घमेलं भरलं.

गुरुवारी शेवटचं पोतं बसलं. पाणी तुंबायला लागलं. सगळे बंधाऱ्यावर उभे राहिले आणि नाओमी माझ्यापाशी आली. मी तिला आधीच सांगितलं होतं की मला जमलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललेलो नाही.

"आता दोनच रस्ते आहेत, काका," ती म्हणाली. "तुम्हाला मोजू, नाहीतर मला."

बेंजामिन खाली बघून म्हणाला, "मी म्हणेन. तुम्ही कोणालाही मोजा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा भाव कबूल झाला होता, सर. वर्षभर ज्यासाठी जळत होतो ते समोर ठेवलेलं होतं, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. आणि समोर तुम्ही नव्हता. भाव करायला समोर माणूस लागतो. तो उठून गेल्यावर त्याचा माल उचलून नेणं याला सौदा म्हणत नाहीत.

"तुले मोजाचं तं तू ठरव, बाई," मी म्हटलं. "थे तुमच्या घरातलं हाय. मले मोजू नको. त्यायनं नाही म्हणलं होतं."

तिने हातावरची माती झटकली. "मलाही नाहीच म्हणाले होते. म्हणाले, बसून बोलू एकदा."

"तुलेही?"

"मलाही. डिसेंबरात, कॅम्पवरून आल्यावर."

आम्ही दोघांनी त्या चपट्या दगडाकडे पाहिलं. तुम्ही दोघांकडून वेळ मागून घेतली होती, सर. दोघांनी दिली. बिनव्याजी.

"भांडायला बाबा पाहिजेत ना, काका," ती म्हणाली. "ते नसताना जिंकून मी काय करू?"

कद्दिश झाली नाही. बेंजामिनने दाविदाचं एक स्तोत्र मराठीत वाचलं, त्याला माणसं मोजावी लागत नाहीत. वाचताना त्याचा आवाज फुटला आणि कोणीच त्याला सावरायला गेलं नाही, कारण सगळ्यांचंच तसं झालं होतं. मी माझ्या जागी उभा होतो. मग मलिदा झाला. नाओमीने पहिली हाक मला मारली.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो घालवायचा म्हणजे तुमच्याकडूनच काहीतरी यायला हवं, आणि ते आता येत नाही. पण एक सांगतो. त्या नाल्याला आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी असतं, फुलवंतीच्या गावातल्या बाया लांब जात नाहीत. माझ्या धंद्यात मी हजारदा जिंकलो. त्यातलं काही गावात दाखवण्यासारखं नाही. हा बंधारा दाखवण्यासारखा आहे आणि तो मला तुम्ही दिलात, एकही शब्द न वाढवता. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते. भांडणाच्या नादात राहिले.

नाओमीने पुढच्या सुटीची पोती आत्ताच सांगून ठेवली आहेत. भाव विचारला नाही. तुमचीच मुलगी. मी दहावा शोधत राहणार आहे. भुसावळला रेल्वेतलं एखादं घर असेल म्हणतात, नागपूरलाही एक नाव कळलंय. सापडेलही. मग बेंजामिन तुमच्यासाठी कद्दिश म्हणेल, तुमच्याच पद्धतीने, पुऱ्या दहा जणांत. त्या वेळी मी कॅरेटांजवळच उभा असेन, सर. तुम्ही बोट दाखवलं होतं तिथेच. मला तिथून पुढे बोलवायचं असतं, तर ते तुम्हीच बोलवायला हवं होतं.